बेकरीच्या दारातले पाळकसाहेब

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आपल्या चर्चच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच. आजचे प्रमुख पाहुणे, शेजारच्या मंडळीचे पाळकसाहेब, ज्यांच्या खांद्यावर पुढच्या रविवारपासून आपलाही भार येणार आहे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, टेबलावरच्या गुच्छामुळे निम्म्याच दिसणाऱ्या पाळकीणबाई. पंचमंडळ, भगिनी मंडळ, गायनसंघ, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे दाराशी उभे असलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना माझा सलाम.

कुणीतरी तो गुच्छ जरा बाजूला सरकवता का? हं. आता दिसल्या बाई.

अशा वेळी "मला बोलायची सवय नाही" असं म्हणून सुरुवात करायची पद्धत आहे. मी तसं म्हटलं तर तुम्ही हसाल. ताजा पाव नेऊन, दोन दिवस घरात ठेवून, मग "शिळा दिलात" म्हणून परत करायला येणाऱ्या प्रत्येकाला माझं तोंड ठाऊक आहे. त्यातले बरेचजण आज पहिल्या रांगेत आहेत.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर भाषणं केली. एकजण म्हणाले, आपल्या पाळकसाहेबांनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही. टाळ्याही झाल्या. मी मात्र दचकले. म्हटलं, हे कुठल्या पाळकसाहेबांविषयी बोलताहेत? आपल्या पाळकसाहेबांनी माझं मन दुखावलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या थोरल्या भावाचं दुखावलं. अध्यक्षमहाराजांचं तर असं दुखावलं, की त्यांनी कित्येक महिने यांच्याशी अबोला धरला होता. इतकी वर्षं मंडळी सांभाळून ज्यानं कुणाचंच मन दुखावलं नाही, त्यानं मंडळी सांभाळली म्हणायची का? त्यानं ती नुसती मोजली.

तेव्हा मी आज दुखावण्याचीच गोष्ट सांगणार आहे. अध्यक्षमहाराजांची परवानगी घेतली आहे. त्यात त्यांचंही नाव येणार, हे त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "बोला बाई. मी खुर्चीत घट्ट बसतो." बघा, बसलेत.

तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. चर्चसमोरची बेकरी आज मी चालवते; पूर्वी ती माझ्या नवऱ्याची होती. तो गायनसंघाचा प्रमुख होता. काय आवाज होता! वरचा सूर लावला की म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. कुणाकडे मयत झाली तर हा सगळ्यांच्या आधी हजर. आजाऱ्याच्या घरी पाव पोचवणार, खांदा द्यायला पुढे, लग्नात हसवायला पुढे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तसा हा डोंगर सबंध मंडळीला साजरा दिसायचा. त्याच्या पायथ्याशी राहायला मी एकटीच होते.

मैदा मळणाऱ्या माणसाचे दंड कसे असतात, तुम्ही पाहिलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी खांद्यावर थप्पड. ती चुकून लागली, असं मीच मला सांगितलं. मग बुक्के. पाठीत, पोटात, बरगड्यांवर. जिथं कपडा झाकतो तिथं. हुशार होता. तोंडावर कधी मारत नसे, कारण तोंड रविवारी चर्चमध्ये यायचं. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार" हा वाक्प्रचार मला शाळेत अध्यक्षमहाराजांनीच शिकवला होता. अर्थ मी बरोबर लिहिला, वाक्यात उपयोग काही जमला नाही, म्हणून अर्धाच गुण दिला होता. सर, उपयोग मला पुढे चांगला जमला.

एकदा त्यानं लाटण्यानं माझ्या दोन बरगड्या मोडल्या. कारण काय? बिस्किटांचा एक थाळा करपला. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. तेव्हा मात्र मी उठले आणि पंचांकडे गेले. आपले पाळकसाहेब त्या वेळी लांबच्या मंडळ्यांच्या दौऱ्यावर होते. चर्चमागच्या खोलीत बैठक चालली होती. भिंतीला गायनसंघाचे झगे ओळीनं टांगलेले होते आणि त्यात नवऱ्याचा झगा सगळ्यात पुढे, नुकता इस्त्री केलेला. इस्त्री मीच केली होती.

मी सांगितलं. अंगावर काय काय झालंय ते पुरुषांसमोर सांगता येईल तेवढं सांगितलं. अध्यक्षमहाराज तेव्हा पंचांचे चिटणीस होते. ते फार मायेनं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "बाई, तुमचं दुःख समजतं. पण आपण कोण कुणाचा न्याय करणारे? तोही पापी, आपणही पापी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायच्या आधी आपलं मुसळ बघावं. प्रार्थना करा."

मी म्हटलं, "सर, न्याय नका करू. नुसता त्याचा हात धरा."

एका पंचांनी मला पाण्याचा पेला दिला. दुसरे म्हणाले, गायनाचा मोठा कार्यक्रम तोंडावर आलाय, तेवढा होऊन जाऊ दे. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

पंचांनी काहीच केलं नाही असं नाही हं. त्यांनी रविवारी उपासना झाल्यावर नवऱ्याला बाजूला घेतलं आणि प्रेमानं सांगितलं, "घरात जरा सांभाळून घ्या. बाईंची तक्रार आहे." एवढंच. तक्रार कुणी केली तेही सांगितलं, त्याला कोडं पडायला नको म्हणून.

त्या दुपारी दुकान बंद होतं. पण भट्टी काही लगेच निवत नाही, लोखंडी दार तर संध्याकाळपर्यंत तापलेलं असतं. तो आला, बाही दुमडली आणि विचारलं, "सांभाळून? काय सांभाळून?" आवाज चढवला नाही. माझा डावा हात मनगटाला धरला, भट्टीचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर हात कोपरापर्यंत टेकवून दाबून धरला. मी ओरडत होते आणि तो सकाळी गायलेल्या गीताची चाल गुणगुणत होता. कडव्याच्या शेवटी थांबला. हात सुटला तेव्हा कातडीचा एक पट्टा पत्र्यालाच राहिला. मी खाली बसले, तर त्यानं बुटाच्या टाचेनं जबड्यावर लाथ मारली. पहिल्यांदाच तोंडावर. माझे दोन दात पिठाच्या परातीत पडलेले मला दिसले. पांढऱ्यात पांढरे. मला उगाच वाटलं, आता हे पीठ फुकट गेलं.

लहान मुलांना बाहेर न्यायचं असेल तर न्या. मी थांबते. अध्यक्षमहाराज, एवढं सांगणं भाग होतं. "मारहाण झाली" एवढ्या दोन शब्दांत ही मंडळी फार वर्षं सुखात राहिली आहे.

शेजारणीनं मला इस्पितळात नेलं. पाळकसाहेब दौरा सोडून परत आले आणि बॅग हातात घेऊनच माझ्या खाटेपाशी आले. जबडा बांधलेला, बोलता धड येत नव्हतं.

"काय झालं?"

"पडले."

"बाई, कशा पडलात ते विचारत नाही. कुणी पाडलं?"

मला संताप आला. म्हटलं, "विचारून काय करणार? तुम्हीपण प्रार्थना?"

"ती रस्त्यात केली," ते म्हणाले. "आता पोलिसांत जायचं. तुम्ही हो म्हणालात तर."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर उद्या परत येईन विचारायला. परवाही येईन. माझी इथली बदली काही लवकर होत नाही."

हसायला गेले आणि जबड्यातून कळ आली. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा मी हो म्हटलं. पाळकीणबाईंनी माझा उजवा हात धरला आणि मी तक्रारीवर अंगठा नाही, सही केली.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये आले. हात गळ्यात, दादा शेजारी. माझा हा दादा मटणाचं दुकान चालवतो, तुम्ही जाणता. लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा. नवरा गायनसंघात आपल्या जागी उभा होता, तोच झगा घालून. उपदेशाच्या आधी पाळकसाहेबांनी त्याला नावानिशी हाक मारली. सांगितलं, या माणसानं बायकोचा हात जाळला आहे, जबडा मोडला आहे. आजपासून तो गायनसंघात नाही. तो आपलं कृत्य कबूल करून पश्चात्ताप करत नाही, तोवर त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही, प्याला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. आणि ज्या पंचांनी हे ऐकून गप्प बसायचं ठरवलं, त्यांनाही जाब द्यावा लागेल. म्हणाले, "त्यांच्यात मी पहिला, कारण दोन वर्षं या बाई रविवारी वाकून चालत होत्या आणि मी कधी विचारलं नाही."

चर्चमध्ये असा गलका मी कधी ऐकला नव्हता. अध्यक्षमहाराज उठून उभे राहिले. "पाळकसाहेब, कुणाला दोषी ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?"

पाळकसाहेब म्हणाले, "सर, त्याच्या आत्म्याचं पुढं काय होणार, हा न्याय. तो माझ्याकडे नाही आणि मला नकोही. पण त्याचा हात कुठं पडतो, हे विचारणं माझं काम आहे. ते मी केलं नाही, तर मी इथं उभा तरी कशाला राहू?"

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा घोळवलं. त्या वेळी मला ते नीट ऐकूही आलं नाही. कारण नवऱ्यानं गीतपुस्तक जमिनीवर आपटलं आणि "ही बाई खोटारडी आहे, स्वतः भट्टीवर पडली," असं म्हणून तो बाजूच्या दारानं निघून गेला. आणि माझ्या शेजारी दादा उठला.

दादानं माझा हात झोळीतून काढला. पट्टी ओढली. चिकटलेली पट्टी. आणि तो हात त्यानं सगळ्या चर्चला दिसेल असा वर धरला. "बघा! पडलेल्या माणसाचा हात असा होतो?"

मी किंचाळले. दुखत मला होतं. पण त्या किंचाळण्याचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या सोयीनं लावला.

बंधुभगिनींनो, माणसं बदलायला किती वेळ लागतो? मला वाटायचं, वर्षं लागतात. नाही. बाकावरून उठून दाराशी पोचायला लागतो, तेवढाच. जी मंडळी आत्तापर्यंत "आपण कोण न्याय करणारे" म्हणत होती, तीच रस्ता ओलांडून बेकरीवर धावली. पहिला दगड कुणी मारला ते मला ठाऊक नाही. पहिला दगड कधीच कुणी मारलेला नसतो. काचेचं कपाट फुटलं. मैद्याची पोती फाडली, रस्ता पांढरा झाला. नवरा आतल्या खोलीत होता. गायनसंघातल्या पोरांनी त्याला पायाला धरून फुटक्या काचांवरून ओढत बाहेर आणला. ज्याच्या हाताखाली सूर लावायला शिकले, त्याच्या तोंडावर लाथा घातल्या. त्याची बोटं कुणीतरी टाचेखाली चुरडली. मैदा आणि रक्त यांचा लगदा झाला होता आणि त्यात तो सरपटत होता. अध्यक्षमहाराज काठी उंचावून ओरडत होते, "जिवंत सोडू नका!" सर, आपला आवाज वर्गात कधी एवढा चढला नव्हता.

आपण मान खाली घालू नका. आपण परवानगी दिलीत, म्हणून बोलते आहे.

पाळकसाहेब झगा सावरत गर्दीतून घुसले. नवऱ्याला त्यांनी काखेत धरून ओढला, दुकानाच्या आत ढकलला आणि दारात उभे राहिले. तोंड लोकांकडे, पाठ त्याच्याकडे. दोन्ही हातांनी चौकट धरलेली. दादाच्या हातात भट्टीतली निखारे ओढायची सळई होती.

"पाळकसाहेब, बाजूला व्हा. माझी बहीण आहे ती."

"माहीत आहे."

"त्यानं तिला जाळलं!"

"जाळलं. त्याची शिक्षा त्याला होईल. पोलीस येताहेत."

"तुम्ही त्याच्या बाजूचे!"

"मी दाराच्या बाजूचा आहे. तुम्हाला आत सोडत नाही."

दादानं सळई मारली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे मला ऐकू आला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दुसरा फटका कानावर बसला. त्या कानानं यांना आजही ऐकू येत नाही. म्हणून तर पंचांच्या बैठकीत त्या कानाच्या बाजूला बसणाऱ्यांना नेहमी वाटतं, साहेब हरकत घेत नाहीत, म्हणजे आपलं म्हणणं मान्य झालं. पांढरा झगा खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झाला. एक हात खाली लोंबत होता. दुसऱ्यानं चौकट धरलेलीच. पडले नाहीत.

तेव्हा मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, दादानं आणखी एक हाणावा. पाळकसाहेब पडावेत आणि सगळ्यांनी त्यांना ओलांडून आत जावं. मी ते ओरडून म्हणणार होते. बांधलेल्या जबड्यातून किंकाळी निघते, शब्द निघत नाहीत, म्हणून राहिलं.

तिसरा फटका पडला नाही. दादाच्या हातून सळई गळाली. पोलीस आले आणि नवऱ्याला घेऊन गेले. पाळकसाहेबांना ज्या इस्पितळात नेलं, तिथं परिचारिका त्यांना म्हणाली, "तुमच्या चर्चसाठी एक खोली राखूनच ठेवू का?"

खरं भांडण तर पुढे झालं. खटला उभा राहायचा होता, नवरा जामिनावर सुटला होता. पाळकसाहेबांनी पंचांची बैठक बोलावली आणि त्या बैठकीला दोघांनाही बोलावलं. माझ्या नवऱ्याला आणि माझ्या दादालाही. खोलीबाहेर एकच बाक. मी तणतणत गेले. म्हटलं, "माझा दादा आणि तो राक्षस, एका बाकावर? मारणारा आणि वाचवणारा तुम्हाला सारखेच का?"

त्यांचा हात झोळीत. म्हणाले, "बाक एकच आहे, बाई. आतले प्रश्न वेगळे आहेत."

"दादानं माझ्यासाठी मारलं!"

"तुम्ही सांगितलं होतंत?"

त्या प्रश्नाचाच मला जास्त राग आला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चर्च मात्र सोडलं नाही. सोडलं असतं, तर भांडायला यांना कुठं गाठणार?

दादा बराच वेळ उभाच राहिला. नवरा बाकाच्या एका टोकाला, सुजलेलं तोंड भिंतीकडे करून. शेवटी दादाचे पाय दुखले आणि तो दुसऱ्या टोकाला टेकला. तेवढ्यात आतून नवऱ्याला हाक आली, तो उठला आणि बाक दादासकट उलटला. माझा एवढा धिप्पाड भाऊ जमिनीवर पाय वर करून. कुणाची हसायची छाती झाली नाही. हसल्या त्या फक्त पाळकीणबाई, आणि तोंडात पदर कोंबून पळाल्या. बाई, आता गुच्छामागे लपून उपयोग नाही, मी तो हलवलाय.

दादाला सांगितलं गेलं, जे केलंत ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. तोवर प्रभुभोजन नाही. दादा म्हणाला, मेलो तरी नाही सांगणार. मटणाच्या दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला तो पाळकसाहेबांच्या नावानं शिव्या घालायचा आणि पाळकसाहेब दर आठवड्याला त्याच दुकानातून मटण न्यायचे. वजन बरोबर द्यायचा हं, शिव्या आणि मटण दोन्हींचं. मग एका रविवारी, कुणी न बोलावता, दादा पुढे गेला. कागद नाही, काही नाही. म्हणाला, "पाळकसाहेबांचं हाड मी मोडलं. कानही मीच. मला वाटत होतं, बहिणीसाठी मारतोय. तिचा हात वर धरला तेव्हा ती ओरडली. ते मी ऐकलं नव्हतं." आणि जागेवर येऊन बसला. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हाच, भाजलेला.

त्यानंतर अध्यक्षमहाराजांनीही चिटणीसपद सोडलं आणि कित्येक वर्षं मागच्या बाकावर बसले. आज त्यांना अध्यक्षपद देताना पाळकसाहेबांनीच आग्रह धरला, हे मुद्दाम सांगते.

नवऱ्याला तुरुंगवास झाला. पाळकसाहेब त्याला भेटायला जात. मला ते कधी निरोप सांगत नसत आणि मी विचारत नसे. तो सुटून आला तेव्हा त्यांनीच त्याला शेजारच्या मंडळीत नेलं आणि तिथल्या पंचांसमोर, त्याच्या देखत, सगळं सांगितलं. हात, जबडा, गुणगुणणं, सगळं. लोक म्हणाले, बिचाऱ्याची नवी सुरुवात कशाला नासवता? ते म्हणाले, "झाकून केलेली सुरुवात नवी नसते. तीच जुनी असते." तो तिथं मागे बसतो, गायनसंघात नाही, लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो, असं ऐकते. प्रमुख पाहुण्यांना जास्त माहीत.

आता या आठवड्याची गोष्ट. पुढच्या रविवारपासून दोन्ही मंडळ्यांची उपासना एकत्र होणार. म्हणजे तो इथं येणार. समारंभ समितीतले काही उत्साही लोक माझ्याकडे आले. मी मैदा मळत होते. म्हणाले, "बाई, निरोपाचा शेवट गोड करू. त्यालाही बोलावतो. व्यासपीठावर तुम्ही त्याचा हात हातात घ्या, माफ केलं म्हणा. पाळकसाहेबांना याहून मोठी भेट कोणती?"

मी म्हटलं, "पाळकसाहेबांना घड्याळ द्या."

त्यांनी त्याच्याकडेही माणूस धाडला होता. त्याचा निरोप प्रमुख पाहुण्यांनी काल मला बेकरीत येऊन सांगितला. तो म्हणाला, "तिनं बोलावलेलं नाही. तुम्ही बोलावलं म्हणून मी येणार नाही. आणि रविवारी तिच्या चर्चमध्येही येणार नाही. दुसरीकडे कुठं बसायचं ते बघतो. तिला वाट बदलावी लागता कामा नये."

ते ऐकून मी पुष्कळ वेळ मळत राहिले. मैदा इतका मळला की पाव रबरासारखे झाले. आज सकाळी ज्यांना ते मिळाले, त्यांनी परत आणू नयेत. मी त्याला माफ केलं का? नाही. करीन का? माहीत नाही. पण माझी क्षमा माझी आहे. ती माझ्या वतीनं समितीनं वाटायची नाही. आणि हे मी कुणालाही समजावण्याच्या आधी त्या माणसाला समजलं होतं. कुठल्या टाळ्यांनी ते त्याला शिकवलं नाही. ते शिकवायला कुणीतरी तुरुंगाच्या फाटकाशी रांगेत उभं राहिलं होतं.

आणि आता शेवटचं. काल पाहुणे गेल्यावर पाळकसाहेब बेकरीत आले. सामान बांधून झालं होतं, उगाच इकडेतिकडे फिरत होते. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी दारात कसे उभे राहिलात? त्याच्याविषयी एवढी दया कुठून आली?"

ते म्हणाले, "दया? बाई, तो माझ्यामागे रडत होता. 'पाळकसाहेब, पाळकसाहेब' म्हणत होता. मी वळलो असतो तर त्याचा गळा धरला असता. तुमच्या दादाच्या हातातली सळई पाहिली, तेव्हा मला भीती नाही वाटली. हेवा वाटला."

"मग हाड मोडल्यावरही चौकट का सोडली नाहीत?"

"हात मोकळा झाला असता," ते म्हणाले.

मी विचारलं, "हे सगळ्यांना सांगू?" म्हणाले, "मी गेल्यावर सांगा." मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत, पाठीमागे नाही, तोंडावर बोलावं." म्हणून आज सांगितलं. साहेब, तुमचा चांगला कान माझ्याकडे आहे ना? ऐकू आलं ना? मग झालं.

नव्या पाळकसाहेबांना माझी एकच विनंती. आम्ही वाईट माणसं नाही. पण आम्हाला दोनच गोष्टी येतात, डोळे मिटणं आणि दगड उचलणं. या दोन्हींच्या मध्ये एक दार आहे. तिथं कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तिथं फार लागतं.

अध्यक्षमहाराजांनी स्वतःविषयीचं एवढं बोलू दिलं, त्यांचे आभार. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या दादाचे आभार. पाळकीणबाईंचे आभार, पाळकसाहेबांचं हाड जुळेपर्यंत त्यांना भरवलं त्यांनी आणि टोमणाही एकच मारला, असं त्या म्हणतात. पाळकसाहेब, तुमचे आभार मला मानता येत नाहीत. सुखरूप जा.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून खाली बसायचा रिवाज आहे. मी थोडं वेगळं मागते. माझं काही चुकलं असेल, तर उद्या बेकरीत या आणि मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन. माफ करायचं की नाही, ते मग तुमचं तुम्ही ठरवा.